खोडलेला सात

वस्तीच्या वाचनालयात आम्ही संगणकाचा वर्ग चालवतो. संगणक एकच, म्हणून प्रोग्राम फळ्यावर लिहितो आणि त्याचं उत्तर काय येईल, ते प्रत्येकाने आधी कागदावर लिहायचं. पुढच्या वर्गात कोण जाणार, हे त्या कागदांवरच ठरतं.

काल सुनंदाताई कागदावर उतरवून घेतलेल्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. त्यांनी सात लिहिला. मागून कॉलेजातला निखिल म्हणाला, "आठ. सोप्पंय की." ताईंनी सात खोडून आठ केला.

संगणकाने सात दाखवला.

मी म्हटलं, "ताई, बरोबर होतं की तुमचं."

"तो एवढं ठासून बोलला. म्हटलं, माझंच चुकलं असेल."

निखिल म्हणाला, "एका आकड्यानेच हुकलं," आणि पुढचं सोडवायला लागला.

आमच्या पत्रकावर 'आत्मविश्वास बाळगा' असं मीच ठळक छापलंय. आता ते वाचून थकायला होतं. जन्मभर ज्यांना "तुला काय कळतंय" असं ऐकवलं, त्यांनाच वर हा उपदेश.

ताईंच्या कागदावर खोडलेला सात अजून पुसट दिसत होता. मी त्यांच्यापुढे पेन धरलं. म्हटलं, "गिरवा."

पेन घेण्याआधी त्यांनी वळून निखिलकडे पाहिलं.