सूज उतरवणारे आबा

आमच्या न्हावऱ्यात उंटावरचे शहाणे पैशाला पासरी मिळतात, पण आबांची सर कुणालाच नाही. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनकी गेली, हुकूम सोडायची खोड काही गेली नाही.

माझे वडील, आप्पा, डेअरीवर दूध घालून येताना गाडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सळी बसवली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, वॉकर धरून रोज चालवा, पोटावरची इंजेक्शनं चुकवू नका, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होईल. मी कुरकुंभला औषधांच्या कंपनीत कामाला, दौंडला राहते. रजा टाकून आले होते. मला ते पुरतं कळलं. आबांना कळून घ्यायची गरजच नव्हती.

"मोडल्यालं हाड हलवत्यात व्हय? गप पडून ऱ्हा. आन् पोटात सुई कशापायी? पाय मोडलाय का पोट?"

भेटायला आलेले पाहुणे खो खो हसले. मांडी ठोकून बसायचं, फुकटचा चहा ढोसायचा आणि माना डोलवायच्या, एवढंच त्यांना येतं. आप्पांनी इंजेक्शनं बंद केली. थोरल्या भावापुढं तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

मग पोटरी टम्म सुजली, गरम लागायला लागली. मी म्हणाले, "आबा, दवाखान्यात नेऊ या."

"वात हाय त्यो. तू मधी पडू नगं."

बाह्या सारून त्यांनी कढत तेलानं पोटरी रगड रगड रगडली. आप्पा दात आवळून पडले होते. संध्याकाळी सूज जराशी उतरली, तर आबा ओट्यावर बसून येईल त्याला आपला हातगुण सांगत होते.

सकाळी आप्पांना श्वास पुरेना. छातीत कळ आली, ओठ निळे पडले.

"गॅस हाय, सोडा पाजा," आबा म्हणाले.

डोंबलाचा गॅस! मी शेजाऱ्यांची गाडी बोलावली. पुढच्या सीटवर आबा बसले. मानाची जागा ना ती! शिरूरला स्कॅन झाला. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात अडकली होती. ऑक्सिजन लावला, रक्त पातळ करायचं औषध सुरू झालं. डॉक्टरांनी विचारलं, "सुजलेला पाय चोळला कुणी?"

आबांनी घसा खाकरला. "हिनं. औषधाच्या कंपनीत असती न्हवं, हिलाच लई कळतंय."

चोराच्या उलट्या बोंबा! मी आप्पांकडं पाहिलं. तोंडावर मास्क होता, पण ते शुद्धीवर होते. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

ते वाचले. आता दौंडला माझ्याकडंच असतात. आबांचा मला राग येत नाही, अशा माणसाची फक्त किळस येते. राग येतो तो आप्पांचा. त्यांची गोळी मी चुकवत नाही, रोज हाताला धरून चालवते, आणि तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही.