वीतभर उरलेलं काळं रेशीम

मुख्तारचाचांच्या हातमागाचा खड्डा अजून बुजवलेला नाही. आज सकाळी त्यांच्या मुलाने, सलीमने, फोनवर तसं सांगितलं. बनारसहून पुण्याला परतून मला चार दिवस झालेत, बॅग अजून अर्धी भरलेलीच आहे.

जायचं ठरलं ते मामीच्या फोनमुळे. मामी ब्रह्मा घाटाजवळ राहते. मामा तिथे वेद शिकवायचे, आणि महाराष्ट्रातून शालू घ्यायला आलेल्या पाहुण्यांना मदनपुऱ्यात, विणकर मुख्तारचाचांकडेच न्यायचे. "चाचांचा माग निघतोय. बघायचा तर जल्दी ये," मामी म्हणाली.

पुण्याहून थेट गाडी आहे, सव्वा दिवस धरून चला. स्टेशनवरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा मिळते, पुढे पायीच. चाकांची बॅग आणू नका, गल्ल्यांतल्या पायऱ्यांवर ती उचलूनच न्यावी लागते. थंडीत गेलात तर सकाळी लवकर मलइयो खा. केशर घातलेला दुधाचा फेस असतो तो, ऊन चढलं की विरतो.

शुक्रवारी सकाळी मी मोबाईल चार्ज करून निघाले. मागाचा आवाज रेकॉर्ड करायचा होता. मामी हसायलाच लागली.

"आज? अगं, आज अगहनी जुम्मा. मुर्री बंद! पेपरात इतकी वर्षं काढलीस, आधी पूछायचं नाही का?"

अगहन म्हणजे आपला मार्गशीर्ष. या महिन्यातल्या एका शुक्रवारी इथले मुसलमान विणकर माग थांबवतात, तीच मुर्री बंद, आणि ईदगाहवर एकत्र नमाज पढतात. कधीतरी दुष्काळात अशीच सगळ्यांनी मिळून दुआ मागितली होती, असं सांगतात. महिना पंचांगातला, नमाज त्यांची. मला हे ठाऊक नव्हतं.

तरी आम्ही दोघी गेलो. पुढच्याच खोलीत माग होता. पाय सोडायला जमिनीत खड्डा, आणि वर ताणलेलं काळं रेशीम, काठाला जर. सलीम दोन पॉवरलूम आणतोय, त्यांना सपाट जमीन हवी. गवंडी शनिवारी येणार होता. कापड मोहल्ल्यातल्या मशिदीच्या मिंबरासाठी होतं, म्हणजे ज्या पायऱ्यांवरून इमाम शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, देतात त्यासाठी. वीतभर विणायचं राहिलं होतं.

"काळंच का?" मी विचारलं.

"काबे पर भी तो कपड़ा ही है, बिटिया," चाचा म्हणाले. "पहले यमन का, फिर सदियों मिसर से आया, ऊंटों पर. अब वहीं मक्के में बुनते हैं. बुनकर कहीं का हो, वहां तक पहुंचता है."

सुरुवातीला नमाजेची दिशा जेरुसलेमची होती, हे त्यांनीच सांगितलं. मग मदिनेत एकदा नमाज चालू असतानाच हुकूम आला आणि सगळी रांग मक्केकडे वळली.

"आप गए हैं मक्का?"

"अब्बा नहीं गए, मैं नहीं गया. हमारा रुख़ गया है." त्यांनी मागासमोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. ती पश्चिमेची होती. त्यांच्या आजोबांनी खड्डा खणतानाच विणणाऱ्याचं तोंड तिकडे ठेवलं होतं.

सलीम हळूच म्हणाला, "अब्बा, आज बैठ जाइए. जितना हो जाए. कौन देख रहा है?"

"जिसके लिए बुन रहा हूं, वही देख रहा है."

गेले दोन महिने सलीमच अब्बांच्या डोळ्यांत थेंब घालतोय, हे मामीने नंतर सांगितलं.

दुपारी चौकाघाटाच्या ईदगाहकडून माणसं खांद्यावर ऊस घेऊन परतत होती. नमाजेनंतर ऊस घरी न्यायचा, हीही रीत. चाचांनी मामीसाठीही आणला होता.

"पंडिताइन, दांत बचे हैं?"

"आपसे दो ज़्यादा!"

चाचा हसले, पण नजर मागावर होती.

शनिवारी निरोप घ्यायला गेले तर दारात वाळू-सिमेंटची पोती आणि गवंडी. चाचा खड्ड्यात पाय सोडून बसलेले, खटखट चालू. "पूरा हो जाए, फिर," एवढंच म्हणाले. गवंड्याने चहा घेतला आणि तो गेला. सलीमने पोती जिन्याखाली सरकवली. मला मिनिटभराचा आवाज मिळाला. माझ्या गाडीची वेळ झाली होती.

पुण्यात तो आवाज मी तीनदा ऐकला. प्रवासात आपण काहीतरी संपण्याआधी पोचलो, याचं समाधान वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आज सलीमला विचारलं, किती राहिलं?

"आठ उंगल. पहले दिन में चार बुन लेते थे. अब एक भी नहीं होता."

"डोळ्यांमुळे?"

"पता नहीं, दीदी. मैं पूछता नहीं."

यंत्रं सोमवारी येतायत, त्याआधी गवंडी पुन्हा येणार. तोवर कापड पुरं होईल असं सलीम म्हणतो, बोटांचा हिशोब जुळत नसला तरी. तसं झालं तर येत्या नाही, त्याच्या पुढच्या जुम्म्याला ते मिंबरावर असेल, आणि चाचांच्या खोलीतली जमीन सपाट.