एक जूनची पोरं

आमच्या शाळेच्या रजिस्टरात निम्म्याहून अधिक मुलं एक जूनला जन्मलेली आहेत. त्यातली बरीचशी माझ्याच पेनातून जन्मली. सत्तरच्या दशकात मी सातपाटीजवळच्या त्या शाळेत लागलो, तेव्हा घरोघर फिरून पहिलीचा पट भरणं हे माझं काम होतं. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. मग मी एक जून टाकायचो आणि सहा वर्षं पूर्ण भरतील असं साल. सगळेच गुरुजी हे करत, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे शाळा वाढली, वरचे वर्ग आले आणि खेळाचा तास माझ्या गळ्यात पडला. बोईसरच्या कारखान्यांत लांबून आलेल्या कामगारांनी आमच्या भागात फुटबॉलचं वेड आणलं होतं. एका वर्षी तिथे चौदा वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा ठरली. चांगली खेळणारी मुलं तिथूनच जिल्ह्याच्या संघात जायची. मला सोळा निवडायची होती आणि मैदानावर चाळीस आली.

त्यात आठवीतला एक होता, मासे विकणाऱ्या बाईचा मुलगा. चेंडू पायाशी येण्याआधीच तो कुणाकडे द्यायचा हे त्याला ठाऊक असायचं. पण कुणाचा खांदा लागला की हा मातीत. दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडल्यावर मी वहीत शेरा मारला, ‘वयाच्या मानाने कमकुवत’, आणि पुढच्या नावाकडे वळलो. मला माझ्या नजरेचा तेव्हा फार अभिमान होता.

दोन दिवसांनी त्याची आई बाजार आटोपून, रिकामी पाटी घेऊन शाळेत आली.

“गुरुजी, पोराला कशाला काढला? दोन दिस धड जेवला नाय.”

मी रजिस्टर उघडून तिच्यासमोर धरलं. “हे बघा ताई, तेरा पूर्ण झालीत याला. याच्याच वयाची बाकीची पोरं बघा केवढी आहेत.”

ती हसली. “तेरा कुठं, गुरुजी? परवाच्या नारळी पुनवेला बाराचा झाला. शाळेत घातला तवा पाचाचा पन नवता. तुमीच बोल्लात, सहा लिवतो, काय होत नाय.”

मग मला सगळं आठवलं. त्या वर्षी पटावर दोन मुलं कमी पडत होती आणि दुसऱ्या शिक्षकाची जागा जाणार होती. तिलाही बाजाराला जाताना पोर कुठेतरी बसायला हवं होतं. आणि मी निवडलेला सगळ्यात दांडगा पोरगा? आईबाप वीटभट्टीवर जायचे, म्हणून तो सात उलटून गेल्यावर शाळेत आला होता. त्यालाही मी सहाच लिहिलं होतं. दोघांत दोन वर्षांहून जास्त अंतर, आणि माझ्या रजिस्टरात दोघे एकाच दिवशी जन्मलेले. त्या खोट्या तारखेवर मी एकाला ताकदवान ठरवलं होतं नि दुसऱ्याला कमकुवत.

यादी अजून टेबलावरच होती, बोईसरला गेली नव्हती. पण तिच्यावर हेडमास्तरांची सही झाली होती. बदल केला तर ते कारण विचारणार, आणि खरं कारण माझ्याच अक्षरात समोर पडलेलं. मी घाबरलो. “पुढल्या वर्षी नक्की घेतो,” मी म्हणालो. म्हणताना रजिस्टर उघडंच होतं. पुढच्या जूनला तो कागदावर चौदाचा होणार, स्पर्धेत बसणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तरी म्हणालो. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली.

वर्षभरात पोरगा उंच झाला. चाचणीला सगळ्यात आधी येऊन उभा राहिला, आणि थोडा वेळ खेळला तेवढ्यात त्याच्या पायातून कुणाला चेंडू काढता आला नाही. मी त्याला बाजूला बोलावून सांगितलं, “तुझं वय बसत नाही.”

“पन गुरुजी, मी तेराचाच हाय ना.”

मी यादीतलं पुढचं नाव पुकारलं. नववी झाल्यावर तो काकाच्या बोटीवर गेला. मोठा खेळाडू झाला असता असं मी म्हणत नाही. झाला असता की नाही हे कळायची सोयच मी ठेवली नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

नव्वदच्या दशकात एका जूनमध्ये तो मुलीला घेऊन पहिलीच्या प्रवेशाला आला. तिच्या जन्माच्या दाखल्यावर पक्की तारीख होती. सहा वर्षांना दोन महिने कमी पडत होते.

“चालवून घेऊ,” मी सवयीने म्हणालो आणि पेन उघडलं.

त्याने दाखला हळूच माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. “नको, गुरुजी. पुढल्या वर्षी आनतो.”

आणि पुढल्या वर्षी त्याने तिला खरंच आणलं.