टँकरखालचं पांघरूण

बहात्तरच्या दुष्काळात राहुरीत आमचं वेल्डिंगचं दुकान जोरात चाललं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. विहिरी आटल्या आणि रस्त्यावर पाण्याचे टँकर आले. भरलेला टँकर खड्ड्यांतून पळाला की त्याच्या खालच्या पट्ट्या तुटतात. त्या जोडायला माझे यजमान टँकरखाली उताणे झोपायचे. वर हात करून रॉड लावला की ठिणग्या आणि तापलेलं लोखंड सगळं छातीवर पडतं.

एकदा ह्यांनी टेरिकॉटचा नवा सदरा घालून तसं काम केलं. कापड जळलं असतं तर परवडलं असतं. ते वितळलं आणि कातडीला चिकटून बसलं. सोलून काढायचं काम माझ्याकडे आलं. ते झाल्यावर मी सांगून टाकलं, की छातीवर घ्यायला धड पांघरूण ठरल्याशिवाय टँकरखाली जायचं नाही.

पांघरूण ठरवायचं म्हणजे जाळून बघायचं. दुसरी रीत मला माहीत नव्हती. दुकानामागच्या अंगणात विटा मांडल्या, त्यावर एकेक कापड टाकलं आणि ह्यांना वरून रॉड मारायला लावला. गोधडीवर ठिणगी पडली ती आत शिरून गडप झाली. आम्ही दुसऱ्या कामाला लागलो, तेवढ्यात गोधडीतून धूर यायला लागला. ताडपत्रीने तर सरळ पेटच घेतला, तिला मेण असतं. ओलं गोणपाट चांगलं टिकलं, पण टँकर बहुधा गळका, खाली चिखल, त्यात अंगावर ओलं गोणपाट आणि हातात विजेचा रॉड. हे म्हणाले, "भाजून न मरता शॉक लागून मरू, एवढाच काय तो फरक."

शेवटी शेजाऱ्याकडून घोंगडीचा फाटका तुकडा आणला. ठिणगी पडली, तेवढी जागा काळी झाली, केस जळल्यासारखा वास आला आणि विझली. बोट फिरवलं तर राख झाली. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. म्हणजे लोकर हवी, हे ठरलं.

आमच्या घरात घोंगडी एकच होती, ती देवाची. जागरणाला खंडोबाचा टाक तिच्यावर मांडायचा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांनी मी काही विचारायच्या आधीच सांगितलं, "तिच्याकडं बघू नगंस. देवाच्या आसनावर ठिणग्या पाडायच्या न्हाईत." विकत आणावी म्हटलं तर मेंढरंवाले चाऱ्यासाठी कधीच बाहेर पडलेले, बाजारात घोंगडी दिसत नव्हती.

त्यातच एका दुपारी टँकर आला. खालची पट्टी तुटून लोंबत होती. ड्रायव्हर म्हणाला, "वस्तीवर बाया हंडं मांडून बसल्यात. आत्ताच्या आत्ता जोडा."

तेव्हा आत्याबाईंना माझ्या लग्नातलं ब्लँकेट आठवलं. विहिणीचा मान म्हणून माझ्या वडिलांनी त्यांना दिलेलं, तांबडं, जाडजूड, काठाला रेशमी पट्टी. आमच्याकडे मानाची वस्तू वापरत नाहीत. कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवतात आणि आल्यागेल्या बायकांना काढून दाखवतात. आत्याबाईंनी ते कधी पूर्ण उलगडलंही नव्हतं. आता स्वतःच काढून आणलं. म्हणाल्या, "लोकरच पायजे ना? ही घे. तुज्या बापानं अस्सल लोकरीचं दिलंय. पोराच्या अंगापरीस मान मोठा न्हाई."

त्या हे इतक्या मोठ्या मनाने बोलल्या, की मला अभिमान वाटला. आणि वडील तिथेच होते. त्यांचे बैल राहुरीजवळच्या गुरांच्या छावणीत बांधलेले होते. बैलांना बघायला ते पुणतांब्याहून एसटीने यायचे आणि आमच्याकडे भाकरी खाऊन परत जायचे. तेव्हाही ओसरीवर जेवत बसले होते. त्यांना मी अण्णा म्हणायचे.

"बिनघोर घ्या, जावईबापू," अण्णा घास हातात धरून म्हणाले. "नगरच्या कापडबाजारात अर्धा दिस घालवून घेतलंय. वास घिऊन बघितला हुता."

ब्लँकेट खांद्यावर टाकून हे निघालेच होते. मी म्हटलं, थांबा, सगळी कापडं बघितली तशी हेही बघू. आत्याबाई म्हणाल्या, "भोक पाडू नगंस गं. एक धागा काढून बघ." मी काठाचा धागा उपसला आणि काडी लावली.

केसांचा वास आला नाही. धागा आक्रसला, त्याचा थेंब झाला आणि टपकन जमिनीवर पडला. उचलला तर कडक, काळा मणी. टेरिकॉटच्या सदऱ्याचे असेच मणी मी ह्यांच्या छातीवरून काढले होते.

अण्णा माझ्याकडे बघत हसत होते. त्यांना माझी परीक्षा म्हणजे पोरखेळ वाटत होता. मी 'ठीक आहे' म्हटलं असतं तर ब्लँकेट अंगावर घेऊन हे टँकरखाली गेले असते. 'ठीक नाही' म्हटलं तर सासरी, विहिणीसमोर, बापाच्या ताटात माती पडणार होती. विचार करायला फार वेळ नव्हता, आणि फार विचार करण्यासारखं काही नव्हतंही.

"हे चालायचं नाही," मी म्हटलं. "लोकर नाही ही."

"कोण म्हनतं?" अण्णा उष्ट्या हाताने उठले. "काठाला असंल कायतरी भेसळ. मधला धागा काढ." मी काढला. मणी झाला. "न्हाई, न्हाई, दुसऱ्या बाजूचा." त्यांनी स्वतः उपसला, स्वतः काडी ओढली, पहिली काडी त्यांच्या हातात विझली. दुसऱ्या बाजूचाही मणी झाला. ते तिसऱ्या कोपऱ्याकडे वळले तशा आत्याबाई म्हणाल्या, "पाव्हणं, सगळं उसवून बघनार व्हय? ऱ्हाऊ द्या, थोडं तरी पांघराया उरू द्या."

ड्रायव्हर हसला. हे खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून उभे राहिले. मला वाटलं, अण्णांनी आता गप बसावं. ते बसेनात. "वास घेतला हुता वं म्या," ते आत्याबाईंना पुन्हा पुन्हा सांगत होते. "दुकानात मेंढराचा वास येत हुता."

"आन म्या गल्लीतल्या झाडून साऱ्या बायांना दाखिवलं," आत्याबाई म्हणाल्या. "हात लावू दिला न्हाई कुनाला, मळंल म्हनून. त्यांच्या म्होरं आता काय सांगू?" टोमणा मारता मारता त्यांचाच आवाज बारीक झाला. मग त्या आत गेल्या आणि देवाची घोंगडी घेऊन आल्या. लेकाच्या कपाळाला भंडारा लावला आणि घोंगडी त्याच्या हातात दिली. "खंडोबा आपलं अंग कसं बी झाकून घील. तुजं झाक."

काम नीट झालं. घोंगडीला जागोजाग काळे डाग पडले, ह्यांच्या छातीला एकही नाही. टँकर गेला. अण्णांच्या ताटातली भाकरी तशीच होती. ब्लँकेटची घडी मांडीवर घेऊन ते ओसरीच्या कडेला बसले होते. "ह्ये मी माघारी न्हेतो," म्हणाले. आत्याबाईंनी ते त्यांच्या मांडीवरून उचललं. "दिलेला मान माघारी न्हेत्यात व्हय? भाकर खावा आदी." अण्णांनी भाकरी खाल्ली नाही. मीही आग्रह केला नाही. ते गेले तर बरं, असं मला झालं होतं.

त्यानंतर अण्णा बैलांना बघायला येत, पण आमच्याकडे येत नसत. मी डबा घेऊन छावणीत जायचे. ते जेवायचे, चाऱ्याचं बोलायचे, जावयाची तब्येत विचारायचे. ब्लँकेटचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही. काढून तरी मी काय म्हणणार होते? खरं तेच बोलले होते, आणि तरी त्यांच्यासमोर बसले की माझी मान खाली जायची.

पाऊसपाणी झालं, बैल घरी गेले. पुढे माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी निरोप धाडला, विहिणीचं ब्लँकेट घ्यायला नगरला चल. मी गेले. कापडबाजारातल्या एका दुकानात बैठकीवर बसलो, दुकानदाराने थप्पी उलगडली. अण्णांनी एक ब्लँकेट ओढून घेतलं, काठाचा धागा उपसला आणि खिशातून काडेपेटी काढली.

"ओ बाबा! दुकान जाळता काय?" दुकानदार ओरडला. आजूबाजूच्या बायका साड्या सोडून आमच्याकडे बघायला लागल्या. "अहो ताई, आवरा यांना."

"बाहेर जाऊन जाळतो," अण्णा म्हणाले. "पर जाळल्याबिगर घेनार न्हाई."

"कोण कुठले लोक येतात," गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, आम्हाला ऐकू जाईल असं. शरमेने माझे कान तापले. अण्णा तोवर धागा घेऊन पायरीवर उतरले होते. वाऱ्याने काडी टिकत नव्हती. मी खाली उतरले, पदराचा आडोसा केला आणि धागा माझ्या हातात घेतला. त्यांनी काडी ओढली.

मणी झाला. अण्णा परत वर गेले, दुसरं ब्लँकेट ओढलं. त्याचाही मणी. दुकानदार आता नुसता बघत होता, आणि पायरीभोवती माणसं जमली होती. शेवटी थप्पीच्या तळातून एक करड्या रंगाचं, दिसायला अगदीच साधं निघालं. त्याचा धागा कुरळा होऊन विझला. केसांचा वास आला. अण्णांनी राख चिमटीत चोळली, नाकाशी नेली, मग माझ्या नाकाशी धरली.

"काय हाय?"

"लोकर आहे," मी पुटपुटले. सगळे बघत होते.

"मोठ्यानं म्हन."