चोथ्यातला रंग

पंच्याऐंशी सालच्या सुमारास मी ऊर्जानगरात, वीजकेंद्राच्या वसाहतीत, मद्रासी साहेबांसाठी फिल्टर कॉफी करायचो. उरलेला चोथा न्यायला एक म्हातारा रंगारी सायकलवर यायचा. डोळे मिटून डबा हुंगायचा. “अजून लय रंग हाये यात,” म्हणायचा. आम्ही हसायचो.

एकदा बायकोच्या माहेरच्या पांढऱ्या साडीवर माझ्या हातून कॉफी सांडली. डाग काही केल्या निघेना. मी साडी त्याच्याकडे नेली. त्यानं डागावरून हलकेच बोट फिरवलं.

“हा पुढं गेला, भाऊ. बाकीची साडी मागं राह्यली.”

त्यानं चोथा तुरटी घालून उकळला आणि अख्खी साडी त्यात बुडवली. वाळल्यावर ती सागाच्या सुकल्या पानासारखी झाली. मी ती उन्हात धरून पुन्हापुन्हा पाहिली.

“डाग गेला कुठी?”

“कुठीच नाई गेला. आता सगळ्या साडीवर हाये.”