खाटेवरची उठबस

गुडघे दुखायचे म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. सुनेनं मला रोज खुर्चीवरून तीस वेळा उठबस करायला शिकवलं. मी मात्र आतल्या खोलीत खाटेवर बसून शाळेतल्यासारखे नुसते आकडे मोठ्यानं म्हणायची. ती स्वयंपाक करता करता ऐकून खूश व्हायची.

महिन्यानं वजन तेवढंच भरलं. "माझ्याच हातानं तेल जास्त पडत राहिलं, आत्याबाई," ती म्हणाली आणि तिनं सगळ्या घराचं तेल कमी केलं.

लेक ताटावर तिच्यावर खेकसला, "ही भाजी हाय का पाणी?" ती खाली मान घालून वाढत राहिली. मी हातातला घास ताटात ठेवला.

"तिला काहून बोलतूस? मी एकदाबी उठले न्हाई, बसून आकडे म्हणले."

सून हसली नाही. सकाळी तिनं खुर्ची गॅसच्या ओट्यासमोर आणून ठेवली.