मावशीची आयाळ

मंगळवार, १४ मे. सकाळी नळाला पाणी कमी. धोबी आला नाही. भावोजींनी चहा उभ्यानेच घेतला आणि अर्धा कप तसाच ठेवून गेले. पलीकडच्या पागेत मावशीचं खांबाला अंग घासणं पहाटेपासून चालू आहे. दुपारी भावोजींनी तिची आयाळ पार मुळापासून कापून टाकली. विचारलं तर म्हणाले, "उकाडा आहे."

त्या दिवशी एवढंच लिहिलं होतं. आता जरा सविस्तर लिहिते.

भावोजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, संसार मांडला नाही. आमच्या मागच्या खोलीत राहायचे आणि गल्लीपलीकडच्या घोडेस्वारीच्या शाळेत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, दाणापाणी बघायचं, खोगीर चढवायचं, उतरवायचं. ताटावर बसले तरी एक पाय दाराकडे. हे म्हणायचे, "आईने याला पायाला भिंगरी बांधूनच जन्माला घातलंय." हे गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, म्हणजे मी आणि भावोजींच्या चपलांचा आवाज.

मावशी ही शाळेतली ठेंगणी, तपकिरी घोडी. पहिल्यांदा बसणारं प्रत्येक मूल तिच्याच पाठीवर बसायचं. भोकाड पसरलेल्या पोराला घेऊनही ती इतकी जपून चालायची की मुलांनीच तिला मावशी करून टाकलं. दर उन्हाळ्यात ती थोडंफार अंग खाजवायची, पण या वर्षी कहर झाला. मान, पोट, शेपटीचं मूळ. खांब, भिंत, कुंपण, जे समोर येईल त्याला घासायची. तो खरखर आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि भाजी चिरता चिरता मी माझाच दंड खाजवायला लागायची. चारचौघांत अंग खाजवू नये, असं शाळेत नन्सनी आम्हाला छडी दाखवून शिकवलं होतं. सत्तरी उलटल्यावर एका घोडीपायी ती शिस्त गेली.

एका मुलीच्या आईला मावशीच्या मानेवर केस गेलेला चट्टा दिसला. तिने मालकांना विचारलं, "ही खरूज तर नाही ना? मुलांना लागायची." मालकांनी भावोजींना बोलावून सांगितलं, "आठवडाभरात अंग स्वच्छ दिसायला हवं. नाहीतर विकून टाकतो. गाडीला जुंपायला कोणीही नेईल."

त्या धास्तीने आयाळ गेली. सगळीच कापली की चट्टा वेगळा उठून दिसत नाही, ही मोतद्दारांची जुनी युक्ती. शेपटीही कापून आखूड केली. मालक फसलेसुद्धा. "वा, मावशी पार्लरला जाऊन आल्या वाटतं!" म्हणाले. भावोजी हसले, पण घरी आले ते हात धुवायचं विसरून अंगणात येरझाऱ्या घालत राहिले.

आणि खाज दुप्पट झाली. पोटावर रक्त दिसायला लागलं. एका सकाळी तर पाठीवर मूल असतानाच ती रिंगण सोडून कुंपणाला अंग घासायला गेली. पोराचा पाय चेंगरता चेंगरता वाचला.

मी म्हटलं, "भावोजी, आता डॉक्टरांना बोलवा."

"बोलावलं की त्या खरूज म्हणणार, आणि मालकांना आयतं निमित्त मिळणार."

"आणि नाही बोलावलं तर?"

उत्तर द्यायला ते होते कुठे? दाराचा पडदा तेवढा हलत होता. मग मीच फोन केला.

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे खणखणीत आवाजाची, गमबूट घातलेली तरुण बाई. घोडीभोवती एक चक्कर मारून तिने विचारलं, "ही हजामत कोणी केली?"

"मीच," भावोजी म्हणाले. "उकाडा होता..."

"काका, उकाड्याच्या गोष्टी मला सांगू नका. चट्टे झाकायला केलंत ना हे? अहो, ही चिलटं चावताहेत तिला. नीट दिसतही नाहीत एवढी बारीक. बाकीच्या घोड्यांना चावली तर शेपटी झटकून मोकळे होतात. हिला त्या चाव्याची ॲलर्जी आहे, हिचं अंग पेटतं. आयाळ हे हिचं पांघरूण आणि शेपटी हा हिचा पंखा. तुम्ही दोन्ही काढून घेतलंत."

भावोजींनी हात खिशात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

"म्हणजे खरूज नाही?" मी विचारलं.

"तसं दिसत नाही. तरी कातडीचा नमुना तपासायला नेते, म्हणजे मालकांचं समाधान होईल. ही ॲलर्जी कोणाला लागत नाही, पण मुळापासून बरीही होत नाही. सांभाळावी लागते." मग तिने सांगितलं: चिलटं पहाटे आणि दिवेलागणीला निघतात, त्या वेळी घोडी आत हवी आणि पंखा चालू हवा. मान-पोट झाकणारी पातळ झूल घाला. खरारा हलक्या हाताने, तोही जखमा सोडून. साबण लावू नका, गार पाण्याने अंग धुवा. आणि रोज मलम. "संध्याकाळी चरायला कुठे नेता?"

"तळ्याकाठी. तिथे गार असतं. तिला आवडतं."

"चिलटांनाही आवडतं," डॉक्टर म्हणाली.

जुन्या मच्छरदाणीची झूल मी मशीनवर शिवली. भावोजी माझ्या डोक्यावर उभे. "वहिनी, बगलेत ढिली ठेवा." "वहिनी, पोटाखाली काचेल." शेवटी मी म्हटलं, "तुम्हीच घालून बसा, माप तरी नीट मिळेल."

तपासणीत खरूज निघाली नाही. मालक म्हणाले, "राहू दे मग." भावोजींचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तसं झालं नाही. खाज कमी झाली तरी थांबली नाही. पंखा बंद पडला की घासणं सुरू. मी झुलीला ठिगळ लावायची आणि ती दुसरीकडे फाडायची. ज्या हाताने आयाळ कापली त्याच हाताने भावोजी रोज मलम लावायचे, आणि नवे केस किती आलेत ते बोटाने चाचपायचे.

डॉक्टर पुन्हा आली तेव्हा तळ्याकडे बघून म्हणाली, "हे पाणी इथे आहे तोवर दर उन्हाळ्यात हेच होणार. माझ्या भावाची वर माळावर जागा आहे, घोडी पाळतो तो. तिथे सतत वारा. वाऱ्यात चिलटांना उडता येत नाही. मालकांची हरकत नसेल तर तो नेईल तिला." मालकांनी लगेच होकार दिला. फाटकी झूल घातलेली घोडी मुलांच्या आयांना दाखवायचा त्यांनाही कंटाळाच आला होता.

भावोजी मात्र घर आणि पागा यांच्यामध्ये वाट तुडवत राहिले. घोडी विकली जाऊ नये म्हणून एवढी धडपड केली, आणि आता तिच्याच भल्यासाठी तिला पाठवायचं.

"तिकडे हिचं कोण बघणार? खरारा जोरात केला तर?" ते म्हणाले.

"मग तुम्हीही जा. त्या भावाला माणूस हवाच असेल."

"आणि तुम्ही एकट्या?"

"मला कोण चावतंय?"

ते हसले आणि पुढच्या क्षणी डोळे पुसत बाहेर गेले. डॉक्टरच्या भावाला मीच विचारलं. तो म्हणाला, "आजच पाठवा."

टेम्पो आला तेव्हा मावशी फळीवर पाऊल टाकेना. मागून ढकललं, पुढून दाणा दाखवला. शेवटी भावोजी स्वतः आत चढून उभे राहिले, तशी ती मुकाट्याने मागून गेली. टेम्पो वळता वळता त्यांचा आवाज आला, "वहिनी, गॅस बंद करत जा!"

दुपारभर मी स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी आणि मागच्या दारातून स्वयंपाकघरात करत होते. पागेकडून आवाज नव्हता, तरी कान तिकडेच. काम कुठलंच धड झालं नाही.

संध्याकाळी वहीत लिहिलं: जिन्यातला बल्ब गेला होता. मागच्या खोलीतला काढून तिथे लावला.